एकेरी

“तू दमलेला दिसतोस, आधी पाणी पी,” असं मी आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना भर बैठकीत म्हणाले. म्हणजे खरं तर मी नाही म्हणाले. समोर बसलेले तिकडचे मंत्री म्हणाले, त्यांच्या भाषेत, अगदी सौम्य आवाजात, आणि मी ते आपल्या भाषेत सांगितलं, कारण तेच माझं काम आहे. तिकडच्या भाषेत समोरच्या माणसासाठी एकच शब्द आहे. राजाला तोच, चोराला तोच, बायकोला तोच आणि दारातल्या कुत्र्यालाही तोच. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे, आणि भांडण पेटलं तर आणखीही बरंच काही आहे. ह्यातलं काय उचलायचं ते दुभाष्यानं दर वाक्याला ठरवायचं असतं, आणि आमच्या खात्यात ते माझ्या आधीच कधीतरी ठरून गेलं होतं. त्यांचं बोलणं आपल्या भाषेत आणायचं ते अरे-तुरेत. हे कुठल्या कागदावर नव्हतं. नवीन लागलेल्या मुलीला जुना दुभाषी जिन्यात थांबवून सांगायचा, की बाई, शत्रूला अदब नसते, एवढं लक्षात ठेव, बाकी व्याकरण तुझं तू बघ. मग लोक रेडिओवर ऐकायचे, ‘तू तुझं सैन्य मागे घे’, आणि घराघरांत संताप व्हायचा, काय हा उद्धटपणा, काय ही भाषा! तिकडचा माणूस बिचारा म्हणालेला असायचा की कृपा करून आपण आपलं सैन्य मागे घ्यावं अशी आमची विनंती आहे. अशा किती विनंत्यांना मी स्वतः शिंगं लावली असतील, देव जाणे.

आणि आता नवं सरकार आलं होतं. पंतप्रधान पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, आणि मास्तरांनी आल्या आल्या पहिला फळा पुसला तो ह्याच शब्दांचा. सरकारी कचेरीत कुणी कुणाला एकेरीत हाक मारायची नाही. शिपायाला तुम्ही, कैद्यालाही तुम्ही, दाखला मागायला आलेल्या बाईला तर नक्कीच तुम्ही. साहेब आणि हुजूर बंद. शत्रुराष्ट्र हा शब्द बंद, त्याच्या जागी शेजारी देश. बाईला पासपोर्ट काढायला नवऱ्याची सही नको. आणि तिकडच्या माणसाशी केलेलं लग्न, जे इतकी वर्षं आपल्या कायद्यात लग्नच नव्हतं, ते आता लग्न धरायचं. हे सगळं मी वाचलं होतं, मला पटलंही होतं. पण जीभ ही काही परिपत्रक वाचत नाही. समोरून ते मऊ वाक्य आलं, आणि माझ्या तोंडातून इतक्या वर्षांच्या सवयीनं तू बाहेर पडला. आपले मंत्री माझ्याकडे न बघता समोरच्याकडे बघत राहिले, आणि मग एकदम हसले. “बरं बाबा, पितो,” म्हणाले आणि ग्लास तोंडाला लावला. ते हसले म्हणून तिकडचे हसले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे: शेजाऱ्याची एकेरीत आपुलकी! आमच्या मुख्य दुभाष्यांना सगळे स्वल्पविराम म्हणतात, कारण ते थांबतात पण संपवत नाहीत. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “तुमची जीभ घसरली, पण, नेमकी गादीवर पडली, तेव्हा, आता जरा, गप्प,” आणि निघून गेले.

मी गप्प राहिले. पण डोक्यात ते घोळत राहिलं. मला कुठल्याही गोष्टीचा असाच पिच्छा पुरवायची खोड आहे. आई मला लहानपणापासून भोचक म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. मला नवल ह्याचं वाटत होतं, की इतकी वर्षं ज्या शब्दानं आम्ही त्या लोकांना उद्धट ठरवलं, त्याच शब्दानं एका दुपारी ते प्रेमळ झाले. शब्द तोच, सुरात मी काही बदल केला नव्हता. मग तो बदल कुठं झाला? ऐकणाऱ्याच्या कानात? ग्लासातल्या पाण्यात? बसमधून घरी येताना मी शेजारच्या माणसांचे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ऐकत बसले. एक बाई फोनवर कुणाला तरी “तुम्हाला काय, तुम्ही मोठी माणसं” म्हणत होती, आणि त्या तुम्हीत इतका विखार होता की पलीकडच्याचा कान भाजला असेल. बस वळणावर कलंडली तेव्हा कंडक्टर एका म्हाताऱ्याला दंडाला धरून म्हणाला, “पडशील ना बाबा!” आणि लगेच स्वतःचं तोंड दाबून इकडेतिकडे बघायला लागला, कुणी ऐकलं की काय म्हणून. मला हसू आलं. सगळं शहरच माझ्या खात्यात भरती झाल्यासारखं दर वाक्याला थबकत होतं.

घरी आले तर आई खिडकीशी बसून मोज्यांना रफू करत होती. मान वर न करता म्हणाली, “ते ‘पाणी पी’ तू म्हणालीस ना गं? त्यानं नाही.” मी म्हटलं, “तुला कसं कळलं?” तर म्हणते, “मंत्री लोक एकमेकांना पाणी पाजत नाहीत.” आई इस्पितळात वॉर्ड सिस्टर होती. तिथून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून घरातली चादर सुद्धा कोपरे काढून घालते. मास्तरांच्या सुधारणांवर तिचं रोज एक भाष्य असायचं. “काल पाणीपट्टीच्या खिडकीवरचा तो खडूस कारकून मला म्हणाला, आपण बसावं. मी मागं वळून बघितलं, कोण बाईसाहेब आल्यात म्हणून!” पण शेजारी देश हा शब्द मात्र तिच्या तोंडात कधी आला नाही. तिच्या लेखी ते ‘तिकडे’ होतं. आमच्या घरात ‘तिकडे’ म्हणजे एकच गोष्ट होती. तिकडे दादा होता.

दादा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा. नदीवर दोन्ही देश मिळून धरण बांधत होते तेव्हा तो तिथं इलेक्ट्रिशियन होता, आठवड्याचे दिवस पलीकडे खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मग बिनसलं, दोन्हीकडच्या सरकारांची डोकी फिरली, आणि एके दिवशी जाहीर झालं की आज संध्याकाळी पुलाचं फाटक बंद होणार, ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला यावं. आई-बाबा त्याला आणायला पुलावर गेले. माझी परीक्षा होती म्हणून मला नेलं नाही, आणि ह्याबद्दल मी त्या परीक्षेला अजून क्षमा केलेली नाही. ते परत आले तेव्हा दोघंच आले. आई मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत होती, साबण लावून, मनगटापर्यंत, ऑपरेशनआधी डॉक्टर धुतात तसे. मग कसलंही दुःख नसल्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणाली, “निम्म्यापर्यंत आला, आणि पाठ फिरवली.” एवढंच. ह्याच्यापलीकडे ती एक अक्षर बोलली नाही, तेव्हाही नाही, बाबा गेले तेव्हाही नाही. बाबा मात्र रेडिओवर तिकडचं हवामान लावून बसायचे. एक शब्द कळत नव्हता त्यांना, तरी ऐकायचे, आणि मग उगाचच आम्हाला सांगायचे, तिकडे गारठा दिसतोय. मग कधीतरी कुणाकडून कळलं, की त्यानं तिकडच्याच एका बाईशी लग्न केलंय. ते रेडिओतले आवाज ऐकता ऐकताच माझ्या मनात किडा शिरला. कसली ही भाषा, की जिच्यासाठी माणूस आईसमोर निम्म्या पुलावरून वळतो? म्हणून मी ती शिकले. लोकांना वाटलं नोकरीसाठी शिकली. आईनं कधी विचारलंच नाही.

त्या पाण्याच्या ग्लासानंतर काही आठवड्यांनी पूल उघडला आणि दादाचा फोन आला. “अगं, मी,” म्हणाला. एवढ्यावर मी ओळखला, आणि मला आनंद झाला नि त्याचा भयंकर रागही आला, हे सगळं एकाच वेळी. त्याची आपली भाषा गंजली होती. शब्द सापडायला त्याला वेळ लागत होता आणि सापडायचे ते जुने, आता कुणी वापरत नाही असले. “इथं सगळं फस्क्लास आहे,” म्हणाला. फस्क्लास! हा शब्द बाबांबरोबर गेला असं मी समजत होते. त्याचं काम संपलं होतं, तब्येत फारशी बरी नव्हती, त्याला आणि त्याच्या बायकोला आता इकडे कायमचं राहायचं होतं. नव्या कायद्यात तशी सोय होती. आधी आठवड्याची परवानगी मिळायची, आणि त्या आठवड्यात आई किंवा वडील, जे हयात असेल त्यानं, कचेरीत समोर उभं राहून तोंडानं सांगायचं की हा आमचा आहे. बहीण चालत नव्हती, कारण तो गेला तेव्हा मी कायद्याच्या भाषेत अज्ञान होते. अजूनही आहे, पण त्याला वयाची अट नसते. आईनं सांगितलं तर तो राहणार, नाही सांगितलं तर आठवडा संपला की पुलावरून परत, आणि पुन्हा अर्ज करता येणार नाही. मी आईला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. “यायचं तर येऊ देत,” म्हणाली. मला ते ‘येऊ देत’ खटकलं. दोघं येणार म्हणून असेलही, पण पोराला येऊ दे नाही म्हणाली. येऊ देत.

आणि ते आले. जिना चढून दादा धापा टाकत दारात उभा राहिला, पांढरा, जाडसर, बाबांसारखाच एका बाजूला कललेला, आणि त्याच्या मागे ती. मी इतकी वर्षं जिची कल्पना करत होते ती बाई. माझ्या डोक्यात ती कायम तरुण आणि भयंकर सुंदर होती, नाही तर कुणी पूल सोडतं का? दारात होती ती बुटकी, रुंद खांद्यांची, आखूड कापलेल्या करड्या केसांची, मोठाल्या हातांची बाई. धरणावर वेल्डिंग करायची ती. हातांवर ठिणग्यांचे जुने पांढरे ठिपके होते. मी हावरटासारखी तिच्याकडे बघत राहिले. आई आतून आली. दादानं तोंड उघडलं, पण आई आधी बोलली. “या,” म्हणाली. “बसा. प्रवास नीट झाला ना तुमचा?”

दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ती बाई, म्हणजे माझी वहिनी, माझ्याकडे वळून तिच्या भाषेत विचारायला लागली, काय म्हणाल्या? मी सांगितलं, त्या म्हणाल्या या, बसा, प्रवास नीट झाला ना. तिचा चेहरा उजळला. तिच्या भाषेत ह्यात फक्त माया होती. किती चांगल्या आहेत, म्हणाली. आपल्या भाषेत जगातली कुठली आई पोटच्या मुलाला तुम्ही म्हणते? परक्याला म्हणतात, विमा विकायला आलेल्याला म्हणतात. आई दादाला सगळा वेळ तुम्ही म्हणत राहिली. तुम्ही जेवून घ्या. तुम्हाला उशी लागते का? पंखा लावू का तुम्हाला? आवाज चढला नाही, टोमणा नाही, इस्पितळात येणाऱ्या नातेवाइकांशी बोलायची तसं स्वच्छ बोलणं. तिसऱ्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. “आई, तू त्याला असं का बोलतेस?” “कसं?” “तुम्ही-तुम्ही काय लावलंयस?” आईनं शांतपणे भांडं पुसलं. “सरकारनंच सांगितलंय ना,” म्हणाली, “सगळ्यांना तुम्ही म्हणायचं. मी कायदा पाळते.” मी म्हटलं, “हे घर आहे, कचेरी नाही.” तर म्हणाली, “त्यांच्यासाठी कचेरीच आहे. कामासाठीच आलेत.” आणि कचेरीत येणार की नाही, ह्याचं उत्तर ती देतच नव्हती. “बघू,” एवढंच. दिवस मात्र जात होते.

मी दोघांच्या मधे बसून भाषांतर करत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते काम अपुरं वाटलं. वहिनी बोलली की आईसाठी मी ‘तुम्ही’ घालायची, माझ्या पदरचा. आई बोलली की तिचा तुम्ही वाटेतच सांडायचा, पलीकडे पोचायचाच नाही. वहिनी खुशीत होती. ह्या घरात थंडी आहे हे तिला कळतच नव्हतं, कारण थंडी एका सर्वनामात होती. दादाला मात्र ती हाडापर्यंत कळत होती. तो दिवसभर घरातली दिव्यांची बटणं दुरुस्त करत बसला, जी नादुरुस्त नव्हती तीही. एकदा बाल्कनीत मी त्याला सरळच विचारलं, “तू पुलावरून का वळलास रे?” मला वाटलं होतं आता काहीतरी मोठं बाहेर पडणार, प्रेम, नाही तर राजकारण. त्यानं स्क्रू ड्रायव्हर ह्या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, “आठवत नाही गं.” मी त्याला बाल्कनीतून ढकलून द्यायच्या बेतात होते. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर जगलो, ती ह्याला आठवत नाही म्हणे! पण त्याच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा वाटलं, आठवतंय, फक्त त्याला त्याचा अर्थ लागत नाहीये. मला ते बघून राग ओसरल्यासारखं झालं आणि कुतूहल दुप्पट झालं.

शेवटून दुसऱ्या दिवशी सकाळी आई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. ह्या कामात ती मला हात लावू देत नाही, माझे कोपरे जुळत नाहीत म्हणते. वहिनी उठली आणि न विचारता चादरीचं दुसरं टोक धरलं. आईनं एकदा तिच्या हातांकडे बघितलं आणि धरू दिलं. दोघी ताणायच्या, झटकायच्या, मग एक पाऊल जवळ, कोपऱ्याला कोपरा, पुन्हा लांब. मी मधे उभी, काही भाषांतर करायचं नव्हतं, म्हणून भोचकपणा सुचला. मी वहिनीला तिच्या भाषेत विचारलं, की त्या संध्याकाळी तो परत का वळला? वहिनी लगेच बोलायला लागली, तिला ह्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. आई थांबली. चादर हनुवटीखाली धरून म्हणाली, “काय म्हणते ती?” मग मी वाक्यामागून वाक्य सांगत गेले. की त्या दिवशी ह्याच्या खिशात दोघांच्या खोलीची किल्ली राहिली होती. निम्मा पूल गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. म्हणून ती हिला द्यायला परत आला. बस, एवढंच.

आईचा चेहरा हलला नाही. “किल्ली लांबून फेकता येते,” म्हणाली. मी ते वहिनीला सांगितलं. वहिनी मान हलवून जोरात काहीतरी म्हणाली, आणि मला क्षणभर सांगायला जमेना, कारण हसू आणि हुंदका एकदमच आला. “ती म्हणते, मीसुद्धा त्याला तेव्हा हेच म्हणाले होते.”

आईच्या हातातली चादर खाली आली. ती एक पाऊल पुढं झाली, आणि माझ्याकडे नाही, सरळ वहिनीकडे बघून, माझी वाट न बघता तिनं विचारलं, “मग तू काय केलंस?”

वहिनीला शब्द कळले नव्हते, पण प्रश्न कळला. तिनं चादर सोडली, आपले दोन्ही मोठे हात पुढं केले आणि हवेत ढकलून दाखवलं. मी भाषांतर करत राहिले, माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. मी त्याला म्हटलं, जा, तुझी आई उभी आहे. कुलूप मी तोडीन. शिपाई ओरडत होता. मी ढकललं. हा कठड्याला धरून उभा राहिला. मी पुन्हा ढकललं, जोरात. माझ्या हातांत तेव्हा ताकद होती. हा हलला नाही. बोललाही नाही काही. मग फाटक लागलं. मला पलीकडे लांब एक करडा कोट दिसत होता. तो कोट बराच वेळ तिथंच होता. तुमचा होता का तो?

“माझाच,” आई म्हणाली. मग खाली वाकली, चादरीचं टोक उचललं, वहिनीच्या हातात दिलं. “नीट धर. कोपरा कोपऱ्याला आण. अशी.” त्या घडी घालायला लागल्या. मी हे वहिनीला सांगितलं, नीट धर, कोपरा कोपऱ्याला आण, आणि माझ्या लक्षात आलं की जे झालं ते मी सांगितलेलंच नाही. तिच्या भाषेत ते सांगता येत नाही. आई तिला तू म्हणाली होती. इतकी वर्षं जिनं आपला मुलगा ओढून नेला असं ती समजत होती, त्या बाईनं त्याला दोन्ही हातांनी आपल्याकडे ढकललं होतं. ती आईच्याच बाजूची निघाली, पुलाच्या चुकीच्या टोकाला उभी राहून. आणि मग जो उरला तो एकटा दादाच. त्याला कुणी ओढलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. मला वळून बघायचा धीर होईना, पण बघितलं. तो दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. “आई तिला तू म्हणाली,” तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, “हो.” “आणि मला?” मी पुन्हा त्या दोघींकडे बघायला लागले. त्यानं मान हलवली, आणि त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. रात्रभर मी हाच विचार करत होते, की आता तर आई त्याला मुळीच माफ करणार नाही. आधी निदान दोष द्यायला कुणीतरी दुसरं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनीनं सामान बांधून दाराशी ठेवलं. काही न विचारता ठेवलं, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मी आईला विचारणार तोच ती कोट घालून बाहेर आली. “चला,” म्हणाली. “कचेरी उघडली असेल.” कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती, नुकता रंग दिलेली, भिंतीला हात लागला तर बोटाला यायचा. टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी होता. “आजी, तू—” म्हणाला, जीभ चावली, आणि कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, “बाई, आपण बसावं.” आई बसली. आम्ही तिघं मागे उभे. दादानं दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले होते. अधिकाऱ्यानं घसा साफ केला. नव्या सरकारची वाक्यं त्याला पाठ होती, पण अंगवळणी पडली नव्हती. “बाई, हे गृहस्थ आपले कोण? आपण यांना ओळखता का?”

आईनं मान वळवून दादाकडे बघितलं. आठवडाभर तिनं त्याच्याकडे असं बघितलंच नव्हतं. टाळूपासून बुटांपर्यंत, नवा पेशंट दाखल झाला की बघायची तसं. मला वाटलं, आता म्हणेल. मग वाटलं, नाही म्हणणार. दादानं डोळे मिटून घेतले.

“ओळखते असं छातीवर हात ठेवून मला अजून सांगता येणार नाही,” आई म्हणाली.

अधिकारी माझ्याकडे बघायला लागला. वहिनी माझी बाही ओढत होती, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या? मी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच काहीतरी खोटं सांगावं असं मला वाटलं. पण आईचं झालं नव्हतं. तिनं हात मागे करून, न बघता, वहिनीचं मनगट धरलं आणि तिला पुढं ओढलं, टेबलाला खेटून उभी केली.

“ही माझी सून आहे,” आई म्हणाली. “हिला मी ओळखते. चांगली ओळखते. हे लिहून घ्या. तुमच्या नव्या कायद्यात ते लग्न आता लग्न धरतात ना?”

“धरतात,” अधिकारी म्हणाला.

“मग सुनेच्या नवऱ्याला घरात काय म्हणतात, ते तुमचं तुम्ही शोधून काढा. तुमच्या सरकारला शब्दांची भारी हौस आहे.”

अधिकाऱ्यानं दोघांचीही नावं लिहून घेतली. मग त्यानं शिक्का उचलला. दादा उभ्या उभ्या रडायला लागला, आवाज न करता, आणि खिशातून हात काढायचंही त्याला सुचेना. मी वहिनीला सांगितलं, त्या म्हणाल्या तू त्यांची आहेस. तिनं विचारलं, आणि तो? मी म्हटलं, तो तुझा आहे. तिनं थोडा विचार केला आणि मान हलवली. तिला ते बरोबर वाटलं.

आई खुर्चीतून उठली. जिन्यापाशी आलो तेव्हा दादा तिला धरायला पुढं सरकला. आईनं त्याला हातानं बाजूला केलं आणि वहिनीच्या दंडात हात घातला.

“तुम्ही व्हा पुढं,” ती दादाला म्हणाली. “आम्ही दोघी येतो सावकाश.”